मुद्दाम चुकवलेला कान

तिकीट तपासनीस म्हणून निवृत्त झाल्यावर काका शनिवारच्या चित्रकलेच्या वर्गात जाऊ लागले. वर्गातल्याच कुणीतरी समोर बसायचं आणि बाकीच्यांनी त्याचा चेहरा काढायचा. वह्या तिथल्याच कपाटात राहायच्या. पुढच्या शनिवारी वही उघडली की काकांच्या चित्रावर कुणीतरी बारीक पेन्सिलीने दुरुस्ती केलेली असायची. कान वर सरकवलेला, हनुवटी आत घेतलेली.

काकांचं डोकंच फिरलं. संशय शेजारी बसणाऱ्या टेलरबाईंवर होता. त्या सगळ्यांच्या आधी यायच्या आणि काही विचारलं की मान खाली घालायच्या. बिनतिकिटाचा माणूस अशीच मान खाली घालतो, हे काकांनी तीस वर्षं पाहिलं होतं. त्यांनी सापळा लावला. एवढी ढळढळीत चूक पाहून बाईंचा हात शिवशिवणारच, म्हणून नव्या चित्रातला कान मुद्दाम दोन बोटं खाली काढला.

पुढच्या शनिवारी चित्र जसंच्या तसं होतं.

"घाबरलात ना?" काकांनी बाईंना गाठलंच.

"घाबरायचं काय त्यात?" पेन्सिलीला टोक काढत बाई म्हणाल्या. "बाकी चेहरा इतका नेटका आणि एकटा कानच खाली? मुद्दाम केलंत, ते कळलं. आधी तुमचे सगळे कान तिथेच असायचे आणि तुम्हाला पत्ताही नसायचा."

काका वही बाईंपुढे सरकवत पुटपुटले, "ओठांचं तेवढं बघा. ते अजून चुकूनच चुकतात."