वीस मिनिटं

"कात्री किती वेळ उकळायची?"

"वीस मिनटं."

"आणि हात?"

"साबनानं, कोपरापरेंत. नखं आदी कापायची."

नीलाने छापील कागदावर खुणा केल्या. सुइणींच्या वर्गाला पाच महिने झाले होते. वर्गाचा उपयोग किती झाला, ते शिकवणाऱ्या नर्सनेच घरोघर जाऊन तपासायचं होतं. सकाळी नौपाड्यातून निघाल्यापासून खाडीकाठची तीन गावं पायी झाली होती आणि तिन्हीकडे निराशा. मिठागरालगतच्या या गावची गंगुबाई मात्र वर्गातही पहिली होती, आजही दहापैकी दहा. शिकवणाऱ्याला आणखी काय हवं असतं? नीलाला मनापासून बरं वाटलं.

कोपऱ्यात गंगुबाईची सून गोदा भिंतीला टेकून बसली होती. कान फडक्यानं बांधलेले, नजर चुलीकडे. नर्सबाई आल्या तेव्हा ती ना उठली, ना काही बोलली.

"पेटी दाखवा बघू."

गंगुबाईने हात धुतले, देव्हाऱ्यापुढे गेली आणि वर्गात मिळालेली पत्र्याची पेटी दोन्ही हातांनी उचलून आणली. झाकणावर हळदकुंकू वाहिलेलं. आत साबण कागदासकट, दोऱ्याचं रीळ न उलगडलेलं. कात्रीच्या पात्यांनाही कुंकवाची बोटं लावलेली. 'पेटीची निगा' या प्रश्नापुढे 'उत्तम' लिहिता लिहिता नीलाचा हात थांबला.

"वर्गानंतर बाळंतपणं किती केलीत?"

"तीन."

"नाळ कशानं कापली?"

"विळ्यानं." यात विचारण्यासारखं काय आहे, ते गंगुबाईला कळेना. "नेमी कापतो त्याच विळ्यानं."

"मग ही कात्री?"

"ती कशी विटाळात घालू? तुमीच बोललात ना बाई, पेटी देवासारखी जपा. आमी जपली."

नीला बोललीच होती. शेवटच्या दिवशी, पेट्या वाटताना. तेव्हा टाळ्याही पडल्या होत्या.

"तिन्ही मुलं बरी आहेत ना?"

"दोन हायत." गंगुबाईने सुनेकडे पाहिलं नाही. "आमचा आठव्या दिवशी गेला. आकडी आली."

गोदाची नजर चुलीवरून हलली नाही. नीलाने प्रश्नांची यादी पुन्हा वरून खाली पाहिली. कागदावर मुलांविषयी प्रश्नच नव्हता. तिने तो घडी करून पिशवीत टाकला.

"पाणी ठेवा, गंगुबाई. आता सांगू नका. करा."

टोपात कात्री गेली. कुंकू सुटून पाणी लाल झालं, ते ओतून दुसरं ठेवलं. घरात घड्याळ नव्हतं. वर्गात हे कधी नीलाच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिने मनगटावरचं घड्याळ काढून चुलीपाशी ठेवलं आणि मोठा काटा कुठे येईपर्यंत थांबायचं, ते बोटानं दाखवलं. पाणी उकळत होतं.

काटा तिथे पोचला. नीलाने टोप खाली उतरवला.

तेव्हा गोदा पहिल्यांदा जागची उठली. जवळ येऊन ती टोपात वाकून बघत राहिली.

"येवढंच करायचं व्हतं?" तिने विचारलं.