तुटलेला दम

साखळीतला हात घट्ट धरून प्रणोती पुढे झुकली आणि चढाईला आलेल्या मुलीला हळूच म्हणाली, "ए मोमो, जा ना तुझ्या चीनला."

"कबड्डी, कबड्डी" म्हणणारा आवाज थांबला. "माझं नाव थोईबी आहे," ती मुलगी म्हणाली. दम तुटला होता. पंचांनी शिट्टी फुंकून तिला बाद दिलं. आपल्या संघाच्या मागच्या रेषेबाहेर जाऊन ती मान खाली घालून बसली.

गुण बरोबरीत आले. सगळ्या मुली प्रणोतीच्या पाठीवर थापा मारू लागल्या. कॅप्टन हर्षदा तेवढी बाजूला उभी राहिली. प्रणोती पहिल्या डावापासून त्या मुलीला असं चिडवतेय, हे मध्यंतरात तिनं सरांच्या कानावर घातलं होतं. सर म्हणाले होते, "खेळात एवढं चालतं गं." चढाई करणारीला उलट बोलता येत नाही, बोलली की बाद, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणूनच तर तिला बोलायचं.

शेवटची चढाई हर्षदाची होती. दम धरून ती निघाली आणि कुणालाही शिवायला न जाता समोरच्या मैदानात थेट खोल शिरली. त्या मुली गोंधळून बाजूला झाल्या. मागून सर ओरडत होते, "परत फिर, अगं परत फिर."

मागच्या रेषेपाशी हर्षदा थांबली. तिनं कबड्डी म्हणणं सोडलं.

"थोईबी," ती म्हणाली, "आमचं चुकलं."

शिट्टी वाजली. थोईबीनं मान वर केली.