बफरची उंची

टेबलावर अकरा वह्या, दोन पेन्सिली, एक दुर्बीण, एक खिशातलं घड्याळ आणि एक पिस्तूल होतं. पिस्तूल सोडलं तर सगळं एवेलिओ तास्काचं होतं.

एवेलिओ सान एलोईच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. सकाळी सैनिकांनी त्याचं घर उपसलं, वह्या गोळा केल्या आणि त्याला स्टेशनमागच्या छावणीत आणलं. गेल्या वर्षी टपाल कचेरीतल्या कारकुनालाही असंच चौकशीला आणलं होतं. तो अजून घरी गेला नव्हता.

"हे आकडे कसले?" कॅप्टन इरुस्ताने विचारलं.

"इंजिनांचे नंबर, साहेब. गाडीची वेळ. डबे किती." एवेलिओने हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

"कोणासाठी?"

"कोणासाठीच नाही. सोळा वर्षांचा छंद आहे."

"सोळा वर्षं?" दाराशी उभा असलेला सार्जंट हसला. "लोक फुटबॉलचे गोल मोजतात, हा डबे मोजतो."

भिंतीशी बसलेली एवेलिओची बायको डेल्मा उसळली. "खरं आहे, साहेब! लग्नाच्या दिवशी हा चर्चमध्ये वीस मिनिटं उशिरा आला. का, तर मालगाडीला दोन इंजिनं होती! माझा वाढदिवस विचारा त्याला. नाही सांगता येणार."

"नऊ ऑगस्ट," एवेलिओ पुटपुटला.

"एकोणीस!"

कॅप्टनलाही हसू आलं. त्याने सगळ्यात जुनी वही उघडली. "एकसष्टच्या पुरात मेल कोणी ओढली?"

"एकशे चौतीस नंबरच्या वाफेच्या इंजिनाने. नवं डिझेल पाण्यात बंद पडलं होतं."

"आणि गार्ड कोण होता?"

"ते... ते नाही टिपलं."

"माझा बाप." कॅप्टनने वह्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. "जा, मास्तर. पण यापुढे दुर्बीण कपाटात ठेवा."

डेल्माने एवेलिओला दंडाला धरून उठवलं, वह्या काखेत मारल्या आणि दारापर्यंत आणलं.

"जाता जाता सांगा," मागून कॅप्टन सहज म्हणाला, "इतक्या वर्षांत सगळ्यात नवलाचं काय पाहिलंत?"

"भट्टीत एम्पनादाच्या करंज्या करपतील," डेल्मा म्हणाली. "चल."

पण हा प्रश्न एवेलिओला आजवर कोणीच विचारला नव्हता. तो वळला. वर्गात बोलावं तसं तो बोलू लागला.

"दर गुरुवारी भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, मिठागराकडे जाणाऱ्या पडीक रुळांवरून दोन बंद डबे जातात. माझ्या घरामागच्या सिग्नलला सहा मिनिटं थांबतात. मी दुर्बिणीतून बफरची, म्हणजे डब्याच्या टोकाला धक्का झेलणाऱ्या तबकडीची, उंची मोजतो. वजन असलं की डबा तेवढा खाली बसतो. रिकाम्या डब्याचा बफर एक हजार साठ मिलिमीटरवर असतो. यांचा एक हजार सत्तावन्नवर. म्हणजे डब्यामागे जेमतेम अडीच टन. गहू म्हणावा तर फारच कमी. आणि साहेब, गाडी उभी असतानाही बफर वरखाली होत असतो. गहू असा हलत नाही."

डेल्माची बोटं त्याच्या दंडात रुतली. सार्जंटने दार आतून लावून घेतलं.

"आणि परत येताना?" कॅप्टनने विचारलं.

"तासाभराने. एक हजार साठ मिलिमीटर, रिकाम्या डब्याएवढा. स्थिर."