नखांवरचा नाच

भात कापून घरात आलं होतं आणि आज सांजेला दाभोशात तारप्याचा नाच होता. जव्हारच्या पार्लरात शिकणाऱ्या नीताने धाकट्या बहिणीची, मीनाची, नखं रंगवायला घेतली. डब्याच्या झाकणावर तिने सुईने नाचणाऱ्यांची साखळी कोरली होती. खाचांत पांढरी नेलपॉलिश भरून ती रबरी शिक्क्याने उचलायची आणि नखावर दाबायची. छाप सुकल्यावर तिने वरून दुसरी, पातळ नेलपॉलिश फिरवली. बोट हललं की ती भुंग्याच्या पाठीसारखी हिरव्याची जांभळी व्हायची.

तुळशीकाकी वाकून नखांवरची साखळी बघू लागली. "तारपकरी कुठं गं? तो नसला तर ही नाचतील कशावर?"

नीताने जीभ चावली, मग हसली. "ढवळूबाबा येतोय ना पोशेऱ्याहून! त्याच्याच तारप्यावर नाचू देत."

जीप आली. ढवळूबाबाने तारप्यात फुंक घातली आणि अख्खं अंगण उठलं. नीता धावत जाऊन साखळीच्या शेवटाला लागली, मीनाचा हात धरून.

मीनाची नखं हिरवी झाली, जांभळी झाली. त्या रंगाखाली पांढरं काहीच नव्हतं.

"पुसलंस का गं?"

"नाही! तू नाच ना!" मीना खिदळली.

नीतालाही हसू फुटलं. तेवढ्यात तिचा मोकळा हात मागून कोणीतरी धरला. तारप्याला पाठ करायची नसते, म्हणून ती वळली नाही. बोटं काडीसारखी होती, ठेका पक्का होता, आणि त्या हाताला ओल्या नेलपॉलिशचा वास येत होता.