पुढची दोन चाकं

चिखलातल्या शर्यतीत आधीच्या दोन्ही गाड्यांना ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढलं, सगळे ज्याला चिखल्या म्हणत त्या ड्रायव्हरची पाळी आली, आणि नेमकं तेव्हाच वस्तादाचं लक्ष त्याच्या गाडीच्या पुढच्या चाकांकडे गेलं. नक्षी उलटी होती.

त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चिखलाच्या टायरवर बाणासारख्या खाचा असतात. चाकाच्या माथ्यावर त्या बाणाचं टोक गाडीच्या पुढे रोखलेलं हवं, म्हणजे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. टायरला खाचा कापायच्या धंद्यातली ही पहिली इयत्ता. मागच्या दोन्ही चाकांवर बाण सुरेख पुढे होते. पुढच्या दोन्ही चाकांवर ते मागे बघत होते. कालच कामाला लागलेल्या माणसानेसुद्धा अशी चूक केली नसती, आणि इथे ती एकदा नाही, दोनदा!

हे टायर वस्तादाने कापलेत हे सगळ्या मैदानाला ठाऊक होतं. त्यानेच तसं सांगितलं होतं. खरं म्हणजे हात थरथरायला लागल्यापासून त्याने गरम पातं धरलंच नव्हतं. टायर कापले होते सुनेने. भंगाराच्या ढिगातून ट्रकचे अर्धे झिजलेले चार टायर तिनेच निवडले. नख रुतवून रबर अजून मऊ आहे ना ते पाहिलं आणि आतला दोरा कुठेही उघडा न पाडता खाचा पाडल्या. तेवढे दिवस वस्ताद दारातल्या खुर्चीत वर्तमानपत्राचं एकच पान वाचत बसला होता. "घरातली गोष्ट घरात राहू दे," एवढंच तो तिला म्हणाला. तीही "बरं" म्हणाली होती.

आता ती त्याच्या शेजारीच उभी होती, खांद्याला अवजारांची पिशवी लावून.

"सूनबाई, पुढची चाकं बघितलीस?"

"बघितली की, बाबा. मीच तर कापली."

"अगं, उलटी आहेत!"

"हो."

"हो काय, हो? चाळीस वर्षांचं नाव आहे माझं..."

पुढचं शिट्टीत बुडालं. चिखल्याने गाडी चिखलाच्या खड्ड्यात घातली. या माणसाला कोरडा रस्ता म्हणजे शिक्षा वाटायची. निम्म्या खड्ड्यापर्यंत गाडी झोकात गेली, मग मंदावली, मग चारही चाकं जागच्या जागी फिरायला लागली. आधीच्या दोघांच्या गाड्या याच जागी बसल्या होत्या. त्यांनी मागे घ्यायला बघितलं तेव्हा चाकं आणखी खोल गेली होती. कडेला ट्रॅक्टरवाल्याने न सांगताच दोर सोडायला घेतला.

"वस्तादचा हात गेला वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

वस्तादाने ते ऐकलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. हात तर खरोखरच गेला होता.

तेवढ्यात चिखल्याने गाडी रिव्हर्समध्ये टाकली. मागची चाकं नुसतीच फिरली. पुढची मात्र धरून बसली. उलट्या बाणांना आता सुलट दिशा मिळाली होती. चिखल दोन्ही बाजूंना धो धो उडाला आणि गाडी मागे आली. हातभर, दोन हात, पाच हात. मोकळी झाल्यावर चिखल्याने स्टिअरिंग जरासं वळवलं, पुन्हा जोर घेतला आणि रुतल्या जागेला बगल देऊन थेट पलीकडच्या चढावर निघाला. ट्रॅक्टरवाला हातात दोर घेऊन बघतच राहिला.

लोक धावले. वस्ताद कसा धावला ते त्यालाही कळलं नाही. चिखल्या उडी मारून उतरला, त्याचे फक्त दात पांढरे दिसत होते.

"मानलं वस्ताद तुम्हाला! वहिनींबरोबर निरोप धाडलात ना, रुतलास की आधी मागे घे म्हणून? मी म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय!"

वस्तादाने सुनेकडे पाहिलं.

"मागच्या वेळी इथे सहा गाड्या बसल्या, बाबा," ती हळूच म्हणाली. "सगळ्यांनी पुढे जायचाच विचार केला होता. मागे यायची सोय कुणीच केली नव्हती."

वस्ताद वाकून टायरची कड चाचपू लागला. आपल्या प्रत्येक टायरवर तो नखाएवढा त्रिकोण कोरायचा. मागच्या दोन्ही टायरवर तो होता. पुढच्या दोन्हींवर नव्हता.

"इथे खूण नाही."

"मुद्दामच नाही घातली. फसलं असतं तर नाव तुमचं जायला नको."

वस्ताद ताठ उभा राहिला आणि ट्रॅक्टरवाल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हे काम माझं नाही. चारही टायर माझ्या सुनेने कापलेत. आणि ही पुढची अक्कल मला चाळीस वर्षांत सुचली नाही!"

चिखल्याचं तोंड उघडंच राहिलं. सून लाजली आणि पिशवीचा पट्टा सारखा करत बसली.

"सुरी आणलीयस?" वस्तादाने विचारलं.

"आहे. घालू तुमची खूण?"

"माझी मागे आहे तेवढी पुरे."

तो गुडघ्यांवर बसला आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीने पुढच्या टायरवरचा चिखल पुसू लागला. हात थरथरत होता, म्हणून वेळ लागला. नखभर जागा लख्ख काळी झाल्यावर तो सुनेच्या खुणेसाठी बाजूला सरकला.