डावा तळहात

शाळेत छडीवर बंदी आली आणि हेडबाईंनी कवायतीच्या सरांना प्रशिक्षणाला पाठवून समुपदेशक करून टाकलं. पहिल्याच दिवशी वर्गात मारामारी केलेली मुलगी बापासोबत त्यांच्या खोलीत आली. “हात उचलायला कुणी शिकवलं तुला?” म्हणत बापाने कमरेचा पट्टा काढला आणि सर तोंड उघडायच्या आत तिच्या पाठीवर सपासप ओढला. टेबलाच्या कडेवर आपटून तिचा ओठ फुटला. सरांनी बापाला भिंतीवर आदळलं, पट्टा हिसकावला आणि मैदानावरच्या जुन्या आवाजात दरडावलं, “खबरदार हात लावलास तर.” बाप त्यांचाच माजी विद्यार्थी. त्याने मुकाट डावा तळहात पुढे केला. छडी डाव्यावरच, उजवा लिहायला शाबूत राहावा, हा सरांचाच नियम. “सर, तुमच्या मारानेच माणूस झालो,” तो पुटपुटला. पट्टा सरांच्या मुठीतच होता. पोरीने रक्त पुसून बापाशेजारी आपलाही डावा तळहात पुढे केला.