कोरडं अंग

"हा चौथा पंचा. आता घरात कोरडं फडकंबी नाई," शकुआत्या माझ्या कानाशी पुटपुटली.

सकाळी वारलेल्या चंद्रकलाकाकूला आंघोळ घालून आम्ही बाया तिचं अंग पुसत होतो. मुलगा जर्मनीहून परवा अकोल्यात पोचणार, तोवर तिला फ्रीजरच्या पेटीत ठेवायचं होतं. पेटीवाल्याने बजावलं होतं, "कोरडंठाक करा, नाईतर बर्फ धरते."

पाठ कोरडी झाली, केसही झाले. वरचा ओठ मात्र पुसला की पुन्हा बारीक थेंबांनी भरायचा.

"आंघोळीचं पाणी निथळून राह्यलं," आत्या म्हणाली.

"उन्हाळा आहे ना," मी म्हणाले. अशा वेळी माझ्यासारखी शहाणी बाईही काहीही बोलते.

आत्याने डॉक्टरांनी दिलेला मृत्यूचा दाखला पुन्हा वाचला, गुपचूप घडी घातली.

पेटीवाल्याने झाकण उघडलं. "उचला मंग."

कोणी हात लावेना. काका सवाष्णीचं कुंकू लावायला पुढे आले. त्यांनी अंगठ्याने टिळा ओढला. कपाळावर तो टिकेना, नाकावरून ओघळला. त्यांनी पुसून पुन्हा लावला. पुन्हा ओघळला.

काकांनी आपला ओला अंगठा पाहिला.

"शकू," ते हळूच म्हणाले, "मेल्या माणसाले घाम येत नाई."